बरणीचं झाकण

बिबवेवाडी, पुणे
९ मार्च २०२५

दीक्षा,

काल तू सहा वेळा फोन केलास. मी उचलला नाही, उचलणारही नाही. फोनवर तुझा आवाज मऊ होतो आणि समोरची बाई चिडली की आणखी मऊ होतो. हे तुम्हाला कुठल्या तरी कोर्समध्ये शिकवत असणार. मग मी रडते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून कागदावर लिहिते आहे. तूही कागदावरच उत्तर दे, सहीनिशी. रिपोर्टवर केलीस ना सही, तशी.

तो रिपोर्ट समोरच आहे. ‘कु. संघमित्रा, वय पाच वर्षे सात महिने. मूल स्वतःहून कोणतीही मागणी करत नाही. मदतीसाठी मोठ्यांकडे वळत नाही. आवडनिवड सांगत नाही. संवादाची इच्छा अत्यल्प. घरातील वातावरणात भाषिक उत्तेजन कमी असण्याची शक्यता. पहिलीत प्रवेश देऊ नये, एक वर्ष विशेष वर्गात ठेवावे.’ खाली दोन सह्या. एक तपासणी घेणाऱ्या त्या शुभंकर नावाच्या मुलाची, दुसरी तुझी.

पहिलीच्या आधी सगळ्या मुलांची तपासणी करून आणा असं शाळेनं सांगितलं, तेव्हा तूच म्हणालीस, “ताई, बाहेर कशाला जातेस? माझ्या केंद्रात आण.” मी आणलं. सख्ख्या काकांची मुलगी आहेस, विचार कसला करायचा?

आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. रिक्षात बसल्या बसल्या मितूनं बाटलीभर पाणी एका दमात संपवलं. दीड तास ती तुमच्या खोलीत होती आणि पाण्याचा जग तिच्या समोर होता. मग ती बोलायला लागली ती बिबवेवाडी येईपर्यंत थांबली नाही. त्या सरांचा एक मोजा निळा होता आणि एक काळा. त्यांनी बरणीत गोळ्या घातल्या आणि झाकण इतकं घट्ट लावलं की त्यांचे कान लाल झाले. मग बरणी तिच्यापुढे ठेवून छताकडे बघत बसले. “मम्मी, ते विसरले का गं, कशाला आणलीय ते?” मी विचारलं, तू का नाही उघडून मागितलीस? तर म्हणाली, “दुसऱ्यांची होती ना.”

संवादाची इच्छा अत्यल्प! रिक्षावाले म्हणाले, “ताई, पोरगी वकील होणार तुमची.” त्यांचाही रिपोर्ट जोडू का?

शाळेनं दहा एप्रिलपर्यंत जागा ठेवली आहे. तोवर हा रिपोर्ट बदलला नाही तर मितूची पहिली गेली. विशेष वर्गातून परत कुणी मूळ वर्गात आलेलं मी पाहिलेलं नाही. तू पाहिलं असलंस तर नावासकट लिही.

शैला

*

पुणे
१४ मार्च २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा राग मी समजू शकते. कुठल्याही आईला असा रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा धक्का बसतो, मग राग येतो. हे अगदी स्वाभाविक आहे.

पण ताई, थोडं शांतपणे पाहिलंस तर लक्षात येईल की यात मितूला कुणी नावं ठेवलेली नाहीत. बरणीची ही पद्धत जगभर वापरली जाते. मुलाला हवीशी वाटणारी वस्तू त्याला दिसेल, पण उघडता येणार नाही अशी ठेवायची आणि मूल काय करतं ते पाहायचं. हात ओढतं, बोट दाखवतं, ‘उघडून द्या’ म्हणतं. मितूनं यातलं काहीच केलं नाही. तिनं पाणी मागितलं नाही, चित्रांच्या दोन पुस्तकांतलं कुठलं हवं ते सांगितलं नाही, बिस्किट पुढे केलं तरी घेतलं नाही. आम्ही जे पाहिलं तेच लिहिलं. ओळखीच्या माणसांत ती खूप बोलत असेल. पण शाळेत अनोळखी माणसांतच बसायचं असतं.

मला एक सुचवावंसं वाटतं, राग मानू नकोस. तू दिवसभर लॅबमध्ये असतेस, रविराज शिफ्टवर असतात आणि मितू मोठ्या काकांजवळ असते. घरात एकच वयस्क माणूस असलं की मुलाला काही मागावंच लागत नाही, सगळं आपोआप पुढ्यात येतं. काकांना सांगून बघ, थोडं अंतर ठेवा म्हणावं.

एक वर्ष म्हणजे फार नाही गं. मुलाच्या आयुष्यात ते कुठल्या कुठे जातं.

तुझी,
दीक्षा

*

बिबवेवाडी
१८ मार्च २०२५

दीक्षा,

‘समजू शकते’ हे शब्द माझ्यासाठी परत वापरू नकोस.

रिपोर्ट मीही देते, रोज चाळीस-पन्नास. उपाशीपोटी घ्यायचं रक्त कुणी जेवल्यावर घेतलं तर साखर वाढलेलीच दिसते. मशीन खोटं बोलत नाही आणि पेशंटही आजारी नसतो. पहिल्या दिवशी आम्हाला एकच शिकवतात, आकडा विचित्र आला तर आधी नमुना कसा घेतला ते विचारा. तुमच्याकडे असं काही शिकवतात का? की मूल आत आलं, बाहेर गेलं, शिक्का मारला?

बाबांनी अंतर ठेवायचं म्हणतेस. ज्या माणसानं सातवीतून शाळा सोडून कारखान्यात घण मारले, म्हणून तुझे पप्पा कॉलेजात गेले आणि तहसीलदार झाले, त्यानं आपल्या नातीपासून अंतर ठेवायचं. तू ये आणि त्यांच्या तोंडावर सांग. मला सांगवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मितू मागत नाही, कारण आपल्या घरात मागत नाहीत. दुसऱ्याच्या घरी गेलं की पाणीसुद्धा मागायचं नाही. समोर आलं तरी ‘नको’ म्हणायचं, पुन्हा आलं तरी ‘नको’ म्हणायचं, आणि मोठ्या माणसानं मान हलवली तरच घ्यायचं. हे बाबांनी तिला शिकवलं. बाबांना आणि तुझ्या पप्पांना आजीनं शिकवलं होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. गावकीचं काम आपल्या घराकडे असे आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार जायचं. मागच्या दारी, उंबऱ्यापासून लांब उभं राहून हाक मारायची. वरून भाकरी पडायची. छप्पन साली घरचे धम्माची दीक्षा घेऊन आले आणि आजीनं ती टोपली चुलीत घातली. ‘या घरातलं पोर आता कुणापुढे हात पसरणार नाही,’ हे ती म्हणाल्याचं मी शंभरदा ऐकलंय. तूही ऐकलंयस.

चौऱ्याण्णव साली हडपसरला आत्याच्या लग्नात तू सात वर्षांची होतीस. वाढप्याकडे तू दुसरी जिलबी मागितलीस आणि आजीनं तुझ्या दंडाला असा चिमटा घेतला की काळानिळा डाग पडला. मी तुला मोरीपाशी नेऊन पाणी लावलं होतं.

म्हणून मला तुझं शास्त्र नको. एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तू तपासणीच्या खोलीतल्या त्या काचेच्या मागे बसून बघत होतीस. मितूनं बरणीला हात लावला नाही, तेव्हा का लावला नाही हे तुला कळलं होतं की नव्हतं? हो किंवा नाही, एवढंच लिही.

शैला

*

बिबवेवाडी
२९ मार्च २०२५

दीक्षा,

अकरा दिवस झाले. एक शब्द लिहायला इतका वेळ लागत नाही.

परवा मितूनं वर्गात फ्रॉक ओला केला. बाथरूमला जाऊ का, असं तिनं विचारलं नाही. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, ‘रिपोर्टमध्ये नमूद केल्याप्रमाणे मूल गरजा सांगत नाही.’ नमूद केल्याप्रमाणे! तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत याच बाई ‘संघमित्रा फार गुणी आहे’ म्हणत होत्या. तुझ्या कागदानं त्यांचे डोळे बदलले.

आणि तुला खरं सांगते, त्या दिवशी मी बाबांवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. “कशाला शिकवलंत तिला हे? कोण भाकरी टाकतंय आता तिच्यापुढे?” ओला फ्रॉक त्यांनीच धुतला आणि वाळत घातला. मी दार लावून बसले.

मितूनं संध्याकाळी विचारलं, “मम्मी, मी हुशार नाही का?” वर्गातल्या कुणी तरी सांगितलं असणार. मी काय उत्तर दिलं ते तुला लिहिणार नाही. ती पाच वर्षांची आहे आणि हा प्रश्न तिला तू दिलास.

दहा तारखेला बारा दिवस उरलेत.

शैला

*

पुणे
२ एप्रिल २०२५

ताई,

हो.

पहिल्या मिनिटाला कळलं होतं. बरणी समोर आली तशी मितूनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. आजी आपल्याला तसंच बसवायची, आठवतंय? दुसऱ्याच्या घरी सतरंजीवर, हात मांड्यांखाली, म्हणजे चुकूनही पुढे जायला नकोत. मी काचेमागे बसले होते आणि माझेही हात आपोआप तसेच गेले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग टेबलाशी बसून रिपोर्ट लिहायची वेळ आली. शुभंकर म्हणाला, “मॅडम, इतकं गप्प मूल! घरी धाक असेल. की त्या लोकांत मुलांशी बोलायची पद्धतच नसते?” फॉर्मवरचं आडनाव वाचून बोलला तो. वाईट मुलगा नाही तो. विचार न करता बोलला. मी म्हणाले, “असेल.”

तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणायला हवं होतं आणि ‘आमच्याकडे’ म्हटलं की पुढचं सगळं आलं. ताई, सहा वर्षं मी तिथे आहे. तेजसचं आडनाव लावते, त्यामुळे कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. डब्याच्या वेळी आरक्षणावर गप्पा निघाल्या की मी फोन बघते. मितू नात्यातली आहे हेही मी लपवलं. ‘ओळखीच्या बाईंची मुलगी’ असं सांगितलं. आणि ते ‘भाषिक उत्तेजन कमी’ हे वाक्य शुभंकरचं नाही, माझं आहे. मला वाटलं, कडक लिहिलं तर कुणाला संशय येणार नाही.

पंधरा दिवस मी उत्तरं लिहीत होते आणि फाडत होते.

आता मी हे निस्तरते. येत्या बुधवारी, नऊ तारखेला, सहानंतर केंद्र बंद झाल्यावर मितूला घेऊन ये. मी एकटीच असेन. ती मला ओळखते, मोकळेपणी बोलेल, तिची तपासणी मी पुन्हा करते. नवा रिपोर्ट दहाच्या आधी शाळेत जाईल. जुना मी फाईलमधून काढून टाकते. कुणाला काही कळायची गरज नाही.

दीक्षा

*

बिबवेवाडी
५ एप्रिल २०२५

दीक्षा,

सहानंतर, केंद्र बंद झाल्यावर, कुणाला न कळता. म्हणजे मागच्या दारानं. आपल्या आजीलाही भाकरी तिथूनच मिळायची.

‘हो’ लिहिलंस तेव्हा वाटलं, आता तरी माझी बहीण बोलायला लागली. आणि पान संपायच्या आत पुन्हा लपलीस.

मी मितूला आणणार नाही. तिच्यात दोष नव्हता, मग तिची परीक्षा पुन्हा कशाला? परीक्षा चुकली. ती का चुकली ते लिही. नवा रिपोर्ट मला नकोच आहे. त्या जुन्यावर, त्याच फाईलमध्ये, तुझ्या सहीनं लिही की या मुलीनं मागितलं नाही त्याचं कारण हे आहे, ते मला माहीत होतं आणि मी दडवलं. शाळेला तेच पाठव. आज मितू वाचेल, पण उद्या आपल्यासारख्या घरातलं दुसरं पोर त्या खोलीत हात मांड्यांखाली घालून बसेल, आणि काचेमागे त्याची मावशी नसेल. असली तरी काय उपयोग, हे तू दाखवलंसच.

तुझी नोकरी जाईल अशी भीती तुला वाटत असेल. मला तुझी काळजी वाटते का, असं विचारलंस तर वाटते. पण माझ्या पोरीची जास्त वाटते.

तुझं पत्र टेबलावर राहिलं होतं, ते बाबांनी वाचलं. ते तुला वेगळं लिहीत आहेत. पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलंय. आत काय आहे मला माहीत नाही.

शैला

*

बिबवेवाडी
५ एप्रिल २०२५

चि. दीक्षा हीस,
सप्रेम जयभीम.

माझा हात आता कापतो, अक्षर लावून वाच.

तुझं पत्र वाचलं. शैला मला ओरडली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, कारण तिचं निम्मं खरं होतं. कुणाच्या घरी मागू नये हे मी पोरीला शिकवलं. पण शाळा हे कुणाचं घर नाही, हे शिकवायचं राहिलं. शाळा आपली असते, दवाखाना आपला असतो, कचेरी आपली असते. तिथे मागायचं नसतं, तिथे सांगायचं असतं. आमच्या आईला हा फरक बरोबर माहीत होता. टोपली तिनं जाळली. पण हिंमतचं, तुझ्या बापाचं, नाव शाळेत घालायला मास्तरांनी ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलं, तेव्हा हीच बाई दारात उभी राहिली. मास्तर घरी जायला निघाले तरी हलली नाही. नाव लिहून घेऊनच आली. मी तिचं बोट धरून होतो, मी पाहिलंय. पोरीला मी फक्त टोपलीची गोष्ट सांगितली, ही नाही सांगितली. ती चूक माझी आहे आणि ती मी सुधारायला घेतली आहे. रोज सकाळी तिला सोबत नेतो. वाण्याकडे, टपालात, वाचनालयात. सांगायचं ते तिनं सांगायचं, मी मागे उभा राहतो. पहिले दोन दिवस ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी टपालातल्या बाईंना म्हणाली, “अहो बाई, आमचा नंबर आधी आहे.” त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

आता तुझी चूक. ती मी माझ्यावर घेणार नाही.

तुझा बाप पहिल्यांदा कचेरीत रुजू झाला तेव्हा शिपायानं त्याला पाणी वेगळ्या पेल्यात दिलं. हिंमतनं तो पेला उचलून मधल्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, “हा कुणाचा?” तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि नोकरी कच्ची होती. घरी येऊन तो माझ्यापाशी रडला, पण तिथे रडला नाही. हे त्यानं तुला कधी सांगितलं नसेल. बहुधा त्याला वाटलं, तुला ऐकायची गरज पडणार नाही. आम्ही दोघा भावांनी पोरांना अर्ध्या अर्ध्याच गोष्टी सांगितल्या.

त्या मुलानं तुला विचारलं आणि तू ‘असेल’ म्हणालीस. पोरी, मी घणाचे घाव घालून तुम्हाला ‘असेल’ म्हणायला शिकवलं नव्हतं.

मी फार रागावलो आहे. आशीर्वाद देतो, तोही रागातलाच आहे. चालेल तर घे.

बाबुराव

*

पुणे
९ एप्रिल २०२५

ताई,

शाळेला आज जे पाठवलं त्याची प्रत जोडते. तीच सकाळच्या बैठकीत मी वाचून दाखवली.

‘मी, दीक्षा हिंमतराव, दि. ४ मार्चच्या अहवालावर सही करणारी मानसशास्त्रज्ञ, लेखी कळवते की कु. संघमित्रा ही माझ्या चुलत बहिणीची मुलगी आहे. हे मी केंद्रापासून लपवले. अनोळखी ठिकाणी काहीही न मागणे आणि पुढे केलेले न घेणे, ही आमच्या घरातली तीन पिढ्यांची शिकवण आहे. ती अस्पृश्यतेच्या अपमानातून आली आहे. मुलीचे वागणे या शिकवणीप्रमाणे नेमके होते, म्हणजेच ती सूचना उत्तम लक्षात ठेवते आणि स्वतःवर ताबा ठेवते. हे मला तपासणीच्या वेळीच माहीत होते. तरी मी ते लिहिले नाही. अहवालातील निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो मी मागे घेते. मूळ अहवाल फाईलमध्ये तसाच राहील, त्यासोबत हे पत्रही राहील.’

वाचताना माझा आवाज मऊ नव्हता. कापत होता. संचालक म्हणाले, “तुम्ही हे फार वैयक्तिक घेताय.” मी म्हणाले, “वैयक्तिकच आहे, सर.” शुभंकर नंतर जिन्यात भेटला आणि म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी मी जे बोललो...” मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. करू द्यायला हवं होतं. माझी सवय जायला वेळ लागेल.

नात्यातल्या मुलाची तपासणी लपवून सही केली म्हणून माझी चौकशी लावली आहे. ते बरोबरच आहे. तोवर मी घरी आहे. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते.

मोठ्या काकांचं पत्र वाचलं. पेल्याची गोष्ट पप्पांनी मला सांगितली नव्हती. उत्तर लिहायचा धीर झालेला नाही. त्यांना माझा जयभीम सांग.

दीक्षा

*

बिबवेवाडी
१२ एप्रिल २०२५

दीक्षा,

तुझं पत्र वेळेत पोहोचलं. मुख्याध्यापिकांनी परवा मला आणि मितूला बोलावून घेतलं. आधी मलाच म्हणाल्या, “अहो, इतकं घरगुती कारण अहवालात कशाला लिहायचं? आपल्या शाळेत असले भेद कुणी पाळत नाही.” मी म्हटलं, “पाळत नाही ना? मग वाचायला अवघड का जातंय?” त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखा मळला नव्हता.

मग त्या मितूशी बोलल्या. वीस मिनिटं. मी बाहेर बाकावर होते, दार अर्धं उघडं होतं. बाईंनी तिला विचारलं, “तुला पहिलीत यायचंय का?” ती लगेच बोलली नाही. वाटलं, गेलं. मग म्हणाली, “हो. पण मला खिडकीजवळ बसायचंय आणि बाथरूमला जाताना दरवेळी सगळ्यांसमोर हात वर करायला लाजल्यासारखं होतं.” बाई हसल्या. ती हसली नाही. उत्तर येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

पहिलीत नाव लागलं. पावती मिळाली. मी बाहेर येऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिले आणि आधी आनंद व्हायला हवा होता, तर राग आला. एवढीशी पोर, आणि तिच्या वर्गात बसण्यासाठी तिची आई, तिचे आजोबा, तिची मावशी आणि मेलेली पणजी इतक्या जणांना हजेरी लावावी लागली. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या मुलाला आत नुसतं नाव विचारलं.

तुझ्या चौकशीचं वाचलं. मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. चौकशीत कुणी विचारलं तर मी येऊन सांगेन की बाईंनी चूक केली आणि तीच भर बैठकीत वाचली. दुसरं काही सांगणार नाही, गोड काही तर नाहीच.

मी तुला माफ केलेलं नाही. कधी करेन तेही माहीत नाही, वाट बघू नकोस. मितूनं मला जो प्रश्न विचारला होता तो अजून माझ्या कानात आहे.

बाबांना मात्र तुला बघायचंय. तोंडानं बोलत नाहीत, पण दोनदा विचारलं की दीक्षा घरीच असते ना आता? रविवारी ये. दुपारी चारनंतर ते चहा करतात, साखर फार घालतात. तू आणि ते बसा, मितू बसेल. मी त्या वेळी घरी नसेन. काम नाही काही. मुद्दाम बाहेर जाणार आहे.

शैला